बिशप जॉन विल्किन्स

गेल्या वर्षी आमच्या एका विद्यार्थ्याने परग्रहावरील लोकांची एक गोष्ट लिहून आणली. त्या लोकांची भाषाही त्याने स्वतःच बनविली होती व वहीच्या शेवटच्या पानावर तिचे तीस-चाळीस शब्द नीटनेटके मांडले होते. पाण्याला एक शब्द, सूर्याला एक, आईला एक, भुकेला एक. आम्ही त्यास सहज विचारिले की, पाण्याला हाच शब्द कां दिला? तो बिचारा निरुत्तर होऊन उभा राहिला आणि वर्गात हशा पिकला. परंतु घरी आल्यावर आम्हांस वाटू लागले की, हा प्रश्न हसण्यासारखा मुळीच नव्हता. आपल्या मराठीत तरी पाण्याला पाणी कां म्हणावे? त्या दोन अक्षरांत ओलावा नाही की प्रवाह नाही. लहानपणी आईने तसे म्हटले म्हणून आपण म्हणतो, इतकेच.

शब्द कानी पडताच वस्तू कोणत्या जातीची, कोणत्या गुणाची हे कळावे, अशी भाषा मनुष्याला रचिता येईल काय? ह्या प्रश्नामागे ज्याने आपल्या आयुष्यातील पुष्कळ वर्षे वेचिली, असा एक धर्मोपदेशक सतराव्या शतकात इंग्लंडात होऊन गेला. चेस्टरचे बिशप जॉन विल्किन्स ते हेच. त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस उपयुक्त होईल असे वाटल्यावरून ते येथे थोडक्यात देत आहो.

विल्किन्स ह्यांचा जन्म इ. स. १६१४ साली झाला. त्यांचे वडील वॉल्टर विल्किन्स हे ऑक्सफर्ड येथे सोनाराचा धंदा करीत. आईचे वडील जॉन डॉड हे त्या काळचे प्रसिद्ध प्युरिटन उपदेशक होते. मुलगा नऊ वर्षांचा असतानाच पित्याचे छत्र हरपले. पुढे आईने दुसरा विवाह केला. विल्किन्स ह्यांचे शिक्षण ऑक्सफर्ड येथेच झाले व १६३१ साली त्यांनी बी. ए. ची आणि १६३४ साली एम्. ए. ची पदवी संपादन केली. त्यानंतर दीक्षा घेऊन त्यांनी धर्मसेवेस वाहून घेतले.

तो काळ मोठा विलक्षण होता. गॅलिलिओने १६०९ साली दुर्बीण आकाशाकडे वळवून चंद्रावर डोंगर व दऱ्या पाहिल्या होत्या, आणि पृथ्वी फिरते असे म्हटल्याबद्दल १६३३ साली त्याच वृद्ध शास्त्रज्ञास रोम येथे शिक्षा सोसावी लागली होती. अशा वेळी, १६३८ साली, चोवीस वर्षांच्या ह्या तरुण पाळकाने आपले नाव न घालता एक पुस्तक प्रसिद्ध केले. चंद्र ही नुसती प्रकाशाची चकती नसून पृथ्वीसारखेच एक जग आहे आणि तेथे कदाचित वस्तीही असेल, असे त्यात त्यांनी प्रतिपादिले. दोन वर्षांनी, म्हणजे १६४० साली, पृथ्वी हाही एक ग्रहच आहे असे प्रतिपादणारा दुसरा ग्रंथ त्यांनी लिहिला. पवित्र शास्त्र हे मनुष्याला तारणाचा मार्ग दाखविण्यासाठी दिलेले आहे, ज्योतिषशास्त्र शिकविण्यासाठी नव्हे, असे त्यांचे मत होते. विज्ञान शिकल्याने आपला विश्वास ढळेल काय, अशी भीती आजही काही सरळ मनाच्या आईबापांस वाटते. त्यांनी ह्या बिशपाकडे अवश्य पाहावे.

चंद्रावरील पुस्तकाच्या पुढील आवृत्तीत तर मनुष्याने तेथे जावे कसे ह्याचाही त्यांनी विचार केला. पंख लावून जावे, मोठ्या पक्ष्यांच्या साह्याने जावे, किंवा उडता रथ तयार करावा, असे उपाय त्यांनी सुचविले. सुमारे वीस मैल वर गेले म्हणजे पृथ्वीचे आकर्षण संपते, मग वाट सोपी होते, अशी त्यांची समजूत होती. ती अर्थातच चुकीची ठरली, कारण गुरुत्वाकर्षणाचा नियम सांगणारा न्यूटनचा ग्रंथ पुढे १६८७ साली निघाला. तरीपण चंद्रावर जाणे ही केवळ कवींची कल्पना नसून कारागिरांनी हाती घेण्याजोगे काम आहे, हे त्यांनी ओळखिले. मनुष्याचे पाऊल चंद्रावर उमटले ते १९६९ साली.

ह्या चंद्राच्या नादातूनच ते भाषेकडे वळले असे म्हटल्यास फारसे चुकणार नाही. १६३८ सालीच फ्रान्सिस गॉडविन ह्या दिवंगत बिशपाची एक अद्भुत कथा प्रसिद्ध झाली होती. तिच्यातील नायक रानहंसांनी ओढलेल्या यंत्रावर बसून चंद्रावर जातो, आणि तेथील लोक शब्दांऐवजी सुरांनी बोलतात असे त्यास आढळते. एकच ध्वनी, पण सूर बदलला की अर्थ बदलतो. चिनी भाषेविषयी प्रवाशांनी आणिलेल्या वृत्तांतावरून गॉडविन ह्यांस ही कल्पना सुचली असावी. विल्किन्स ह्यांनी ती कथा वाचिली, आणि गुप्त लेखन व शीघ्र संदेश ह्यांविषयी १६४१ साली आपला जो ग्रंथ काढिला त्यात ह्या सुरांच्या भाषेचा गंभीरपणे विचार केला. इतरांनी जी करमणूक म्हणून वाचिली, त्या गोष्टीत त्यांना एक प्रश्न दिसला. सर्व मनुष्यांना समजेल अशी एखादी भाषा बनविणे शक्य आहे काय?

परंतु तो प्रश्न बाजूस ठेवावा लागला. १६४२ साली राजा व पार्लमेंट ह्यांमध्ये युद्ध पेटले. विल्किन्स पार्लमेंटच्या बाजूचे होते, पण द्वेष त्यांच्या स्वभावातच नव्हता. १६४८ साली ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजचे ते प्रमुख झाले, तेव्हा राजपक्षाच्या कुटुंबांनीही आपली मुले निर्धास्तपणे त्यांच्या हाती सोपविली. ज्या देशात शेजारी शेजाऱ्याचे तोंड पाहीनासा झाला होता, तेथे एका कॉलेजात दोन्ही पक्षांची मुले एकत्र बसून शिकत होती, ही गोष्ट सामान्य नव्हे. कॉलेजच्या बागेत त्यांनी पारदर्शक भिंतींची पोळी बसविली होती, त्यामुळे मधमाश्या न दुखविता त्यांचे काम पाहता येई. एक पोकळ पुतळाही होता. लांब अंतरावरून लपविलेल्या नळीत कोणी बोलले की तो बोलतो असा भास होई. त्यांच्या खोलीत तरुण विद्वान जमत व प्रयोग करीत. त्यांत रॉबर्ट बॉइल होते, रॉबर्ट हूक होते आणि पुढे लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल बांधणारे क्रिस्टोफर रेन हेही होते.

१६५६ साली विल्किन्स ह्यांनी ऑलिव्हर क्रॉमवेल ह्यांच्या विधवा भगिनी रॉबिना ह्यांच्याशी विवाह केला, व १६५९ साली ते केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे प्रमुख झाले. पण पुढच्याच वर्षी राजा दुसरा चार्ल्स गादीवर आला आणि क्रॉमवेलच्या ह्या मेहुण्याची जागा गेली. दुसरा कोणी असता तर खचून गेला असता. विल्किन्स लंडनला आले. त्याच वर्षी, १६६० च्या नोव्हेंबर महिन्याच्या २८ तारखेस, ग्रेशॅम कॉलेजात बारा गृहस्थ जमले व प्रयोगाने ज्ञान वाढविण्यासाठी एक संस्था काढावी असे त्यांनी ठरविले. त्या सभेचे अध्यक्ष विल्किन्स होते. तीच पुढे रॉयल सोसायटी ह्या नावाने जगप्रसिद्ध झाली. १६६२ साली तिला राजाची सनद मिळाली आणि तिच्या पहिल्या दोन चिटणिसांत विल्किन्स हे एक होते.

आता त्यांनी भाषेचे काम पुन्हा हाती घेतले. जॉर्ज डॅल्गार्नो नावाच्या शिक्षकाबरोबर त्यांनी आधी ह्या विषयात काम केले होते, पण डॅल्गार्नो ह्यांना मूळ शब्द थोडेच हवे होते आणि विल्किन्स ह्यांना सर्व सृष्टी त्यात यावी असे वाटे. म्हणून दोघांचे मार्ग वेगळे झाले. विल्किन्स ह्यांची योजना अशी होती. जगातील सर्व वस्तू, गुण, क्रिया व संबंध ह्यांचे प्रथम ४० वर्ग पाडावयाचे. प्रत्येक वर्गाचे भेद पाडावयाचे, ते एकंदर सुमारे अडीचशे झाले. आणि प्रत्येक भेदाचे पोटभेद पाडावयाचे, ते दोन हजारांहून अधिक झाले. ज्यांनी अमरकोश पाठ केला आहे, त्यांस वर्गवार शब्द मांडण्याची पद्धत नवी नाही. पण अमरसिंहाने असलेले शब्द वर्गांत बसविले आणि विल्किन्स ह्यांनी वर्गांतूनच नवे शब्द घडविले, हा दोहोंतील भेद ध्यानात ठेविला पाहिजे.

एक उदाहरण देतो. 'डे' हा उच्चार महाभूतांच्या वर्गाचा. त्यास 'ब' जोडिला की पहिला भेद, म्हणजे अग्नी, 'डेब'. त्यापुढे स्वर आला की अग्नीचा पोटभेद, म्हणजे ज्वाला, 'डेबा'. तसेच 'झी' म्हणजे पशू. त्यास 'ट' लाविला की पाचवा भेद, म्हणजे कुत्र्याच्या जातीचे हिंस्र पशू, 'झिट'. आणि 'झिटा' म्हणजे कुत्रा. ज्याला कोष्टक पाठ आहे, त्याने तो शब्द पूर्वी कधी ऐकलेला नसला तरी तो पशू आहे व कोणत्या जातीचा आहे हे त्यास उच्चारावरूनच समजावे, अशी ही युक्ती होती. बोलण्यासाठी ही भाषा, आणि लिहिण्यासाठी त्याच कोष्टकावर आधारलेली एक चिन्हलिपी.

हे काम एकट्याचे नव्हते. वनस्पतींची कोष्टके प्रसिद्ध वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन रे ह्यांनी व प्राण्यांची फ्रान्सिस विलोबी ह्यांनी करून दिली. जहाजांविषयीच्या शब्दांस सॅम्युअल पेपिस ह्यांचे साहाय्य झाले आणि इंग्रजी शब्दांचा कोश विल्यम लॉइड ह्यांनी रचिला. १६६६ सालच्या उन्हाळ्यापर्यंत ग्रंथाचा बराच भाग छापूनही झाला होता.

तोच सप्टेंबरच्या २ तारखेस लंडनास ती प्रसिद्ध आग लागली. चार दिवस शहर जळत होते. विल्किन्स ज्याचे पाळक होते ते सेंट लॉरेन्स ज्यूरी चर्च भस्मसात झाले, त्यांचे राहते घर गेले आणि ग्रंथाची छापलेली पाने, दोन प्रती खेरीज करून, सर्व जळाली. न छापलेल्या हस्तलिखिताचाही मोठा भाग राख झाला. परीक्षेच्या आदल्या रात्री एक वही हरवली तर आपली काय अवस्था होते, हे विद्यार्थ्यांनी आठवावे. येथे तर अनेक वर्षांचे श्रम गेले होते. विल्किन्स ह्यांनी पुन्हा लेखणी उचलली. उरलेल्या पानांवरून त्यांनी ग्रंथ फिरून सिद्ध केला, आणि १६६८ साली, अवघ्या दोन वर्षांत, सहाशेंहून अधिक पृष्ठांचा तो प्रचंड ग्रंथ रॉयल सोसायटीच्या आश्रयाने प्रसिद्ध झाला.

त्या ग्रंथाच्या पोटात काय काय आहे, ते सांगावयास बसल्यास हे पान पुरणार नाही. त्यात प्रभूची प्रार्थना सुमारे पन्नास भाषांतून दिली असून तिच्या शेजारी त्यांच्या नव्या भाषेतील प्रार्थना मांडिली आहे. 'पिता' ह्या अर्थी 'कोबा' हा शब्द तिच्या आरंभीच येतो. नोहाच्या तारवात सर्व प्राणी मावले असतील काय, ह्याचे गणितही त्यात आहे. मांसाहारी पशूंस रोज पाच मेंढ्या धरल्यास वर्षाच्या १८२५ होतात, असा हिशेब करून त्यांनी तारवाचे मजले आखून दाखविले. आणखी एका पानावर लांबीचे एकच माप सर्व जगाने घ्यावे व ते दशमान असावे अशी सूचना आहे. सेकंदाला एक झोका घेणाऱ्या लंबकावरून त्यांनी काढलेले ते माप सव्वाएकोणचाळीस इंग्रजी इंच भरते. फ्रान्सने शंभराहून अधिक वर्षांनी स्वीकारलेला मीटर ३९·३७ इंचांचा आहे, हे पाहिले म्हणजे आश्चर्य वाटते.

आता ह्या भाषेचे पुढे काय झाले, ते सांगितले पाहिजे. ती कोणी बोलले नाही. हूक ह्यांनी १६७६ साली घड्याळाविषयीची काही माहिती त्या लिपीत छापिली. जर्मन तत्त्वज्ञ लायबनिट्स ह्यांनी ग्रंथ अभ्यासिला. इतक्यावरच ते थांबले.

असे कां व्हावे? पहिले कारण असे की, सारख्या वस्तूंचे शब्दही सारखेच झाले. 'गाडे' म्हणजे जव व 'गापे' म्हणजे ट्यूलिपचे फूल. (आपल्या मराठीतील गाड्यांचा येथे काही संबंध नाही.) एका अक्षराचा फरक, आणि धान्याचे फूल होते. खुद्द विल्किन्स ह्यांच्या ग्रंथात एका ठिकाणी ट्यूलिपऐवजी जव पडले आहेत. जेथे कर्ताच चुकतो, तेथे बाजारात भाव करणाऱ्याने काय करावे? आपल्या भाषेत बटाटा व रताळे एकमेकांसारखे ऐकू येत नाहीत, हा दोष नसून सोय आहे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. शब्दात वस्तूचे ज्ञान भरावयाचे तर ते ज्ञान पुरे व खरे असले पाहिजे. त्यांच्या कोष्टकात देवमासा हा माशांत आहे, आणि आज शाळेतले मूलही सांगेल की तो मासा नव्हे. अग्नीला त्यांनी महाभूत म्हटले, पण पुढील शतकात रसायनशास्त्राने अग्नी हे मूलतत्त्वच नव्हे असे सिद्ध केले. 'पाणी' हा आपला शब्द काहीच सांगत नाही, म्हणून पाण्याविषयी कितीही नवे ज्ञान झाले तरी तो खोटा ठरत नाही. 'डेबा' हा शब्द मात्र पुष्कळ सांगतो आणि म्हणूनच खोटा ठरला. जॉन रे ह्यांसही हीच अडचण जाणवली होती. प्रत्येक वर्गात ठराविक नऊच भेद बसविण्यासाठी वनस्पतींची निसर्गातील जुळणी मोडावी लागते, ह्याचे त्यांस दुःख होते. पुढे त्यांनी निसर्गालाच विचारून वनस्पतींचे वर्गीकरण केले व त्या शास्त्रात अजरामर कीर्ती मिळविली. एका अयशस्वी ग्रंथाच्या कोष्टकांपाशी त्यांचे हात तयार झाले होते. पीटर रॉजे ह्यांनी १८५२ साली इंग्रजी शब्दांचा जो अर्थवार कोश काढिला, त्यातही त्यांनी विल्किन्स ह्यांचे ऋण मान्य केले आहे.

ग्रंथ निघाला त्याच वर्षी विल्किन्स चेस्टरचे बिशप झाले. राज्यमान्य चर्चपासून वेगळे राहणाऱ्या लोकांचा त्या वेळी छळ होत असे. बिशप झाल्यावरही विल्किन्स त्यांच्याशी सौम्यतेने वागले व पुष्कळांस प्रेमाने जवळ आणिले. १६७० साली अशा लोकांच्या प्रार्थनासभांवर बंदी घालणारा कायदा पार्लमेंटपुढे आला, तेव्हा निदान मतदानापासून तरी दूर राहावे अशी स्वतः राजाने त्यांस गळ घातली. त्यांनी नम्रपणे नकार दिला आणि कायद्याच्या विरुद्ध भाषण करून मतही दिले. १६७२ सालच्या नोव्हेंबरच्या १९ तारखेस, वयाच्या ५८ व्या वर्षी, लंडन येथे आपले जावई जॉन टिलटसन ह्यांच्या घरी त्यांनी देह ठेविला. आगीत जळालेल्या व पुढे त्यांच्याच विद्यार्थ्याने, म्हणजे रेन ह्यांनी, पुन्हा उभारलेल्या सेंट लॉरेन्स ज्यूरी चर्चमध्ये त्यांचे दफन झाले आहे.

आम्हांस वाटते की, ह्या थोर पुरुषाच्या जीवनात एक गोष्ट सर्वत्र दिसते. भाषा काय, कॉलेज काय, चर्च काय, तुटलेली माणसे जोडावी हीच त्यांची तळमळ. बाबेलच्या बुरुजापाशी भाषांचा गोंधळ झाला, तो मिटवावा, व्यापार, ज्ञान व धर्म ह्यांच्या मार्गातील अडथळा दूर व्हावा, ह्या हेतूने त्यांनी ग्रंथ लिहिला. पण पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला तेव्हा लोकांस नवी भाषा शिकावी लागली नाही, प्रत्येकाने आपापल्या भाषेतच देवाची महत्कृत्ये ऐकिली. विल्किन्स दोन वर्षांचे बालक होते त्या १६१६ साली, त्यांचेच एक देशबंधू फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचे ख्रिस्तपुराण गोव्यात राचोल येथे छापून प्रसिद्ध झाले. स्टीफन्स ह्यांनी नवी भाषा बनविली नाही. ते आपल्या लोकांत राहिले, आपली मराठी शिकले आणि तिच्यावर मोहित झाले. दोघांचाही हेतू एकच, वाटा मात्र दोन. त्यांपैकी कोणती सफळ झाली, हे आपली मातृभाषाच सांगत आहे.

म्हणून आमच्या त्या विद्यार्थ्यास, व त्याच्यासारख्या इतरांसही, आमचे सांगणे आहे की, बाळांनो, परग्रहांच्या भाषा खुशाल रचा. पाण्याला शब्द देण्यापूर्वी पाणी म्हणजे काय, ह्याचा विचार करण्याची सवय त्यामुळे लागेल, आणि हे ज्ञान फुकट जात नाही. वही जळाली तर पुन्हा लिहा. योजना फसली तर तिने काय शिकविले, ते पाहा. आम्हीही त्या दिवशी वर्गातील हशा थांबवावयास हवा होता. ते त्या वेळी राहून गेले, म्हणून आज हा लेख लिहिला आहे.